दिवाणसाहेबांचा ‘गो’

संस्थानच्या दिवाणांना आपल्या इंग्रजीचा भारी तोरा. एकदा भर कचेरीत त्यांचं ‘गो’पुराण रंगलं.

“गो म्हणजे जाणे. हा शब्द विलायतेच्या जुन्या टोळ्यांपासून चालत आला. घड्याळ चालतं तेही गो, माणूस मरतो तेही गो! जाण्याचा असा एक प्रसंग सांगा, जिथे हा चालणार नाही. मागाल ते देईन.”

दाराशी चिमाबाई उभी होती. तिचा एकुलता लेक सुभाना दूरच्या ठाण्यावर शिपाई होता. त्याची रजा मागायला ती वरचेवर यायची आणि रिकामी परतायची. घरी रोज त्याच्या वाटणीची भाकरी झाकून ठेवायची.

ती पुढे झाली. “साहेब, आज घरून निघताना आईसाहेबांना काय म्हणालात?”

“येतो म्हणालो.”

“जातो नाही म्हणालात?”

“छे! उंबऱ्यावर असं अभद्र कोण बोलतं?”

बोलून गेले आणि दिवाणांनी जीभ चावली. कचेरी हसली. चिमाबाई हसली नाही.

“माझा सुभानाही येतो म्हणूनच गेलाय, साहेब. त्याचा शब्द तेवढा खरा करा.”

दिवाणांनी तिथल्या तिथे रजेचा हुकूम दिला.

त्या दिवसापासून चिमाबाईने भाकरी झाकून ठेवणं सोडलं. लेकाला गरम वाढायची म्हणून पीठ काढून ती वाटेकडे बघत बसू लागली.