शंभरावे खोटे

एका राज्यात उदयसेन नावाचा राजा होता. राज्य लहान, पण पंगत मोठी. रोज सायंकाळी शंभर पाने मांडली जात आणि शंभरातला एकही पाहुणा तुपावाचून उठत नसे. खजिन्यात काय आहे हे राजा फारसे पाहत नसे. पंगतीला कोण कोण आले आहे, हे मात्र डोळ्यांत तेल घालून पाही.

राजाची एकुलती लेक उपवर झाली. वज्रकेतू राजाच्या मुलाशी सोयरीक ठरली. वज्रकेतूने निरोप धाडला, की वरातीसोबत एकवीस हत्ती येतील. झाले! एकवीस हत्तींच्या व्याह्याला साजेसे लग्न करायचे, तर खजिना पुरेना. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे उदयसेनाला ठाऊक नव्हते असे नाही. पण ते शहाणपण दुसऱ्याला सांगायला बरे असते. तो एकटाच घोड्यावर बसला आणि काळ्या डोंगरावर तमोधर मांत्रिकाच्या गुहेत गेला.

तमोधराने नऊशे मोहरा मोजून दिल्या. मोहरा गार होत्या, पण मुठीत धरल्या की अंगासारख्या कोमट होत.

"व्याज काय?" राजाने विचारले.

"दिवसांचे व्याज मी घेत नाही. खोट्याचे घेतो. या कर्जापायी घरच्या माणसाशी जितक्यांदा खोटे बोलशील, तितक्या मोहरा वाढतील. माझी टिटवी मोजील. तिचा आवाज कर्जदारालाच ऐकू येतो. खोटी मुद्दलाइतकी झाली, की तू सोन्याचा पुतळा होशील. त्यानंतर सात वर्षांत त्या घरचे सारे देणे फिटले तर पुतळ्याचा माणूस. नाही फिटले, तर पुतळा माझा. मी त्याच्या मोहरा पाडतो."

राजा हसला. "नऊशे वेळा खोटे? राजाला खोटे बोलायचे कारणच काय?"

तमोधरही हसला.

लग्न थाटात झाले. हत्ती आले, हत्ती गेले. टिटवी तेवढी राहिली, नगारखान्याच्या कळसावर. उदयसेनाची राणी मधुलेखा. घराची सारी जबाबदारी तिची. रोज पंगत बसण्याआधी ती एकच प्रश्न विचारी, "महाराज, खजिना कसा आहे?"

"भरलेला आहे, राणी. तू चिंता करू नकोस."

बाहेर टिटवी ओरडे, "टिटिव्, टिटिव्! वाढली, एक वाढली!"

खजिन्यातून स्वयंपाकघराला आता निम्मेच द्रव्य जाई. पंगत मोडायची म्हणजे कारण सांगायचे, आणि ते राजाच्याने होईना. पण पंगत उणी पडली नाही. शंभर पाने, शंभर द्रोण, तुपाची धार तश्शीच. आमच्या राणीच्या हातात जादू आहे, असे राजा कौतुकाने म्हणे. जादू रोजच्या रोज कुठून येते, हे मात्र त्याने कधी विचारले नाही.

पुढे पुढे त्याला टिटवीचा राग येऊ लागला. तो गप्प बसलेला असतानाही ती ओरडू लागली. राणी कोठारातून सांगे, "तूप पुष्कळ आहे," की बाहेर "वाढली!" राजा मनात म्हणे, मी तर तोंडही उघडले नाही, ही लबाड पक्षीण मला लुबाडते आहे. आणखी एक गोष्ट त्याने पाहिली होती. तो "खजिना भरलेला आहे" म्हणाला आणि टिटवी ओरडली, की राणी क्षणभर खिडकीकडे बघे. वारा आला असेल, असे त्याला वाटले. ते त्याला पुढे सात वर्षे आठवत राहिले.

वर्ष सरत आले. एके सायंकाळी वज्रकेतू पाहुणा आला. पंगत बसली. राणी तुपाचे भांडे घेऊन स्वतः वाढत होती. राजाच्या बढाईला ऊत आला. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "राणी, आज हात मोकळे कसे? तुझ्या माहेरच्या पाटल्या कुठे आहेत? व्याह्यांना दाखव तरी!"

मधुलेखा थबकली. तिने एकदा राजाकडे पाहिले, एकदा खिडकीकडे. मग हळूच म्हणाली, "हाताला काचतात, महाराज. पेटीत ठेवल्या आहेत."

"टिटिव्! शंभर झाली!"

आणि राणी सोन्याची झाली. वाकलेली, हातात तुपाचे भांडे, धार अर्ध्यावर. पंगत किंचाळत उठली. वज्रकेतू हात न धुताच निघून गेला.

राजा धावत अंगणात आला. "टिटवे! कर्ज माझे, शिक्षा तिला का?"

"मी दोन हिशेब मोजते, महाराज," टिटवी म्हणाली. "आपली खोटी तीनशे झाली. राणीसाहेबांनी शंभरच मोहरा घेतल्या होत्या, आपल्या पंगतीच्या तुपासाठी. त्यांची शंभर आज भरली. मी फुकटची एकही वाढवत नाही."

पाटल्या कुठे गेल्या, हे राजाला आता विचारावे लागले नाही.

"राणीसाहेबांची माणसे भेटायची असतील, तर पौर्णिमेच्या सकाळी मुक्या तळ्यावर जा," टिटवी म्हणाली. पक्षिणीलाही कधी कधी दया येते.

मुक्या तळ्यात बेडूक ओरडत नसे की पाणी वाजत नसे. त्याच्या काठी पंचवीस-तीस दगड गोल मांडलेले होते आणि दगडांवर माणसे बसली होती: कोष्टी, शिपाई, कासारीण, पुजारी. सगळे तमोधराचे ऋणको. प्रत्येकाने घरून मूठभर पीठ आणले होते आणि मधल्या मडक्यात आंबील शिजत होती. ज्याने त्याने घरातले मापटे पुढे ठेवले होते. महिनाभराने त्यात जे उरले असेल, ते सगळ्यांना दाखवायचे, अशी तिथली रीत. कुणाच्या मापट्यात ओंजळभर तांदूळ, कुणाच्यात चार दाणे. कुणी कुणाला हसत नव्हते. "तेल कमी कर गं, पोळीला बोट फिरवलं तरी पुरतं," असे काहीबाही सांगत होते.

आंबील ढवळणाऱ्याने मान वर केली, आणि उदयसेन दचकला. तो वज्रकेतू होता.

"राजे, आपण?"

"एकवीस हत्ती," वज्रकेतू खाली बघत म्हणाला. "त्यांतले एकोणीस भाड्याचे होते."

उदयसेनाला हसू आले. एकाने दुसऱ्याला दिपवण्यासाठी कर्ज काढले, दुसऱ्याने पहिल्याला. लेकीच्या लग्नात दोन भिकारी एकमेकांना शालू-शेले देत होते!

धोंडाई नावाची म्हातारी कुंभारीण त्या मेळ्याची वडीलधारी. तिने एक रिकामा दगड पदराने पुसला. "बस बाबा. ही तुझ्या राणीची जागा."

"ती इथे येत होती?"

"सात पुनवा आली. सारं सांगितलं तिनं. तुझंही ठाऊक होतं तिला."

"माझे? मी तर तिला कधीच..."

"तिनं मोहरा घेतल्या, तवापासून तिला टिटवी ऐकू यायची. तू म्हणायचास खजिना भरलाय, आणि टिटवी ओरडायची. अजून काय सांगायला पायजे? आम्ही म्हणालो, बाई, तूच तोंड उघड. तर म्हणाली, त्यांनी आपणहून सांगावं, म्हणजे त्यांचा मान राहील. विचारलं की त्यांची एक मोहर वाढते, न विचारलं तर सांगायची वाटच बुजते. म्हणून रोज विचारायची."

उदयसेनाने दोन्ही हातांनी तोंड झाकले. वर्षभर दर सायंकाळी तिने दार उघडून धरले होते, आणि दर सायंकाळी त्याने ते हसत हसत लावून घेतले होते.

वज्रकेतू जवळ आला. "मी त्या पंगतीत होतो, राजे. तिची नव्व्याण्णव झाली आहेत, हे तिने इथेच सांगितले होते. पाटल्यांची गोष्ट निघाली तेव्हा मी बोलू शकलो असतो. इथले बाहेर बोलायचे नाही हा नेम आहे, असे मी स्वतःला बजावले. खरे तर मला माझे हत्ती झाकायचे होते."

मग धोंडाईने तीन कामे सांगितली. "पहिलं, आकडा मोठ्यानं बोल. दुसरं, पंगत मोड, आणि का मोडली ते रयतेला सांग. तिसरं तुझं नि राणीचं, दोघांचं आहे. वेळ आली की कळेल. सोनं इथं कुणी कुणाला देत नाही. दिलं तर तेही देणंच होतं. आम्ही सोबत देतो."

उदयसेन उभा राहिला. तीनदा त्याने आकडा मनातच मोजला. चौथ्यांदा तो म्हणाला, "माझ्या बाराशे. तिच्या दोनशे. चौदाशे मोहरा." आभाळ कोसळले नाही. कोष्ट्याने त्याच्या हातात आंबिलीचा वाडगा दिला.

दुसरे काम अवघड होते. चावडीसमोर सारे राज्य जमले, आणि राजा पायरीवरच थांबला. तेव्हा वज्रकेतू त्याच्या शेजारी येऊन उभा राहिला आणि आधी स्वतःचे हत्ती सांगून मोकळा झाला. मग उदयसेनाने सांगितले. पाहुणे दुसऱ्या दिवसापासून फिरकले नाहीत. शंभर पानांची दोन पाने झाली: एक राजाचे, एक सोन्याच्या राणीसमोरचे.

मग ती सात वर्षे. चांदीची अंबारी विकायला राजाला लाज वाटली, तेव्हा कासारीण त्याच्याबरोबर बाजारात गेली आणि भाव करून आली. धोंडाईने मुदपाकखान्यात बसून एका पायलीत महिना कसा काढायचा ते दाखवले. राजा स्वतः पोथ्या नकलून विकू लागला. तिसऱ्या वर्षी एक सावकार गोड बोलत आला, "महाराज, थोडे नवे काढा, जुने एकदम फेडा." राजाची लेखणी कागदाला टेकलीच होती. तो तसाच उठला आणि कोष्ट्याच्या घरी गेला. कोष्टी माग चालवत राहिला. राजा संध्याकाळपर्यंत शेजारी बसला आणि मोह उतरल्यावर घरी आला.

लेकीला मुलगा झाला. तो आजीच्या सोन्याच्या निऱ्या धरून उभा राहायला शिकला. राजाचे केस पांढरे झाले, पोथ्या नकलून नजर अधू झाली. रोज सायंकाळी तो पुतळ्यासमोर बसून दिवसाचा खर्च सांगे. आज मीठ महाग झाले. आज दोन मोहरा बाजूला पडल्या. जिवंत होती तेव्हा त्याला एक वाक्य सांगवले नव्हते, आणि आता तो सोन्याला मिठाचा भाव सांगत होता. सांगता सांगता रडे. पुतळा ऐकत नसे.

सातव्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी तमोधर स्वतः आला. त्याने चौदाशे मोहरा मोजल्या. एकही कमी भरली नाही. तो तोंड वाकडे करून उंबऱ्याशी थांबला. धोंडाई आणि वज्रकेतू अंगणात उभे होते. टिटवी खिडकीत येऊन बसली.

राणीच्या कपाळावरचे सोने उतरले, मग गालांवरचे, मग गळ्यावरचे. तिथेच ते थांबले. मधुलेखेने डोळे उघडले. तिच्यासाठी अजून तीच सायंकाळ होती. तिने पाने पाहिली. दोनच. समोर एक म्हातारा, अंगरख्याला ठिगळ. तो कोण, हे तिला कळायला थोडा वेळ लागला.

"महाराज," ती घाबरून म्हणाली, "खजिना कसा आहे?"

चेहरा तसाच तरुण, तशीच काळजी. ती काळजी पुसावी म्हणून जुने शब्द राजाच्या जिभेवर आले: भरलेला आहे, राणी. आज तर देणेही उरले नव्हते. काय बिघडले असते? टिटवीने चोच उघडली. तमोधर पुढे वाकला.

"रिकामा आहे," उदयसेन म्हणाला. "तेव्हाही रिकामा होता. मी रोज खोटे बोललो. मला तुला खरे सांगायची लाज वाटत होती."

टिटवीने चोच मिटली. सोने गुडघ्यांपर्यंत उतरले. पावले मात्र जखडलेलीच राहिली. राणीने आपल्या मोकळ्या मनगटांकडे पाहिले. तिसरे काम दोघांचे होते.

"पाटल्या पेटीत नाहीत," ती म्हणाली. "मी त्या विकल्या. आणि कर्जही काढले."

शेवटचे सोने गळून पडले. तुपाची अडकलेली धार खाली सांडली. टिटवी उडाली, ती पुन्हा त्या राज्यात दिसली नाही. तमोधर रिकाम्या वाटेने परत गेला. रिकाम्या म्हणायचे, कारण राजाने चावडीवर तोंड उघडल्यापासून लोकही घरोघर बोलू लागले होते आणि काळ्या डोंगराच्या पायवाटेवर गवत माजले होते.

मधुलेखेने राजाच्या पांढऱ्या केसांना हात लावला. "किती दिवस झाले?"

"सात वर्षे."

अंगणात एक मुलगा खेळत होता. तो कुणाचा, हे तिला विचारावे लागले. मग ती पाटावर बसली आणि खूप रडली. "एवढेच बोलायचे होते ना आपल्याला?" ती म्हणाली. "दोन वाक्ये. पान वाढता वाढता बोलून झाली असती."

राजाने तिच्या पानात भात वाढला. तूप थोडेसेच होते. ते त्याने दोघांत अर्धे अर्धे केले.

त्यांचे देणे फिटले, वर्षे फिटली नाहीत. ऐकणाऱ्यांनो, तुम्हाला घरी खरा प्रश्न विचारणारे कुणी असो, आणि उत्तर द्यायला उशीर न होवो.