उपरण्याखालचे हात

फार पूर्वी, वारुणी नगरीवर सुबाहू राजाची सत्ता होती, तेव्हा बोधिसत्त्वाने घोड्यांच्या व्यापाऱ्याच्या घरी जन्म घेतला. नाव भद्रक. आता तो म्हातारा झाला होता. मिशीतल्या मिशीत हसायचा आणि खोडी काढताना राजालाही सोडायचा नाही.

नगरीच्या उत्तरेला जयसेनाचे राज्य, दक्षिणेला उग्रतेजाचे. एका नदीघाटावरून दोघांचे बिनसले आणि दोघांनीही भद्रकाकडे युद्धासाठी घोडे मागितले.

सुबाहूला हर्ष पोटात मावेना. "म्हातारबा, अर्धे याला विका, अर्धे त्याला. भाव चौपट. आपण कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही."

"आणि घोडे, महाराज?"

"घोड्यांचं काय?"

एकेक शिंगरू भद्रकाने नाव ठेवून वाढवले होते. त्याला नदीच्या वाळवंटातली जत्रा आठवली. दोन्ही राज्यांची माणसे तिथे एका हंड्यातला भात खात. जयसेन आणि उग्रतेज तेव्हा राजपुत्र. भद्रकाच्या चांदणी घोडीवर दोघे एकदम बसत आणि एकदमच पडत. सात वर्षे झाली, जत्रा भरली नव्हती. वाळूत बाभळी माजल्या होत्या.

त्याने निरोप धाडला, "घोडे देईन, पण सौद्याला राजाने स्वतः बसायचं."

दोघे आले. एकमेकांचे तोंड पाहणार नाही म्हणाले, म्हणून मध्ये कनात लावली. घोडेबाजाराची रीत अशी, की भाव तोंडाने बोलायचा नाही. उपरण्याखाली हातात हात घेऊन बोटे दाबून सांगायचा, आणि सौदा ठरेपर्यंत हात सोडायचा नाही. भद्रक कनातीच्या टोकाशी बसला, उपरणे पसरले, एक हात इकडे दिला, एक तिकडे. मग हळूच राजांचे हात एकमेकांत अडकवले, आपले काढून घेतले आणि सुपारी कातरू लागला.

बराच वेळ बोटे दाबली गेली. दोघांनाही वाटे, म्हातारा आज फारच अडून बसलाय. मग जयसेनाचा अंगठा एका बोटावर थबकला. त्या बोटाला शेवटचे पेर नव्हते.

"हे चांदणीनं चावलेलं," तो कनातीला म्हणाला.

पलीकडून आवाज आला, "रिकामी मूठ तिच्यापुढे करून गूळ म्हणायचं, हे तूच शिकवलं होतंस."

"रडलास केवढा."

"रक्त माझं. रडत तू होतास."

हात सुटले नाहीत. रीतच होती, सौदा ठरायचा होता. ऊन कलण्याआधी घाट दोघांचा ठरला.

सुबाहू कुरकुरला, "चौपट भाव घालवलात."

"घालवला खरा. पण महाराज, रणात गेलेलं गिऱ्हाईक पुन्हा बाजारात येईल, ही हमी तुम्ही देता का?"

त्या साली बाभळी तोडून जत्रा भरली. भद्रकाची दोन तट्टे तेवढी विकली गेली. उरलेल्या घोड्यांवर दोन्ही राज्यांची पोरे दोन-दोन बसत आणि पडत राहिली.

ही पूर्वजन्मीची कथा सांगून भगवान शास्ता भिक्खूंकडे पाहून हसले. "तो सुबाहू म्हणजे आज आपले कोठार राखणारा हा भिक्खू. जयसेन आणि उग्रतेज म्हणजे एका भिक्षापात्रावरून तीन दिवस अबोला धरलेले तुम्ही दोघे. भद्रक मी होतो, आणि अंगावरचे माझे चीवर आजही त्या उपरण्याइतके रुंद आहे. चौपट लाभ सोडून दोन हात जुळवले, त्या गुणाचे नाव मैत्री-पारमिता."