आवडाबायचा वाव

खारवण्याच्या खाडीत शिडाशिवाय दुसरं काही हलत नव्हतं, त्या काळची ही गोष्ट. तिथे आवडाबाय नावाची बाई काथ्याचे दोर वळायची. तिच्या दोराला साप समजून मुंगूसही फसायचं, असं म्हणतात.

सगळ्या वाडीचा दोर बंदरावरचा एकच शेठ घ्यायचा. दोर वावाने मोजत. दोन्ही हात पसरले की एक वाव. शेठने खरेदीला लांब हातांचा भिवा ठेवला होता आणि विक्रीला एक बुटका. वाडीचा दोर पुढच्या दाराने आखडून आत जायचा आणि मागच्या दाराने वाढून बाहेर पडायचा. दिसायचं सगळ्यांना. बोलणार कोण?

आवडाबाय बोलली. "भिवा, हो बाजूला. आज माझ्या हातांनी मोजायचं."

शेठ हसला. "मग समुद्राला जाऊन वीक. या बंदरात तुझ्या वाडीचा तुकडाही कुणी घेणार नाही."

आणि खरंच कुणी घेईना. चुली थंडावल्या. बायका म्हणाल्या, "आवडे, पाय धर गो त्याचे."

"गिऱ्हाईक एकच असलं की ते गिऱ्हाईक राहत नाही, धनी होतं," ती म्हणाली. "मी दुसरं शोधते."

खाडीच्या तोंडाशी मस्कतचं गलबत उभं होतं. दोराचं वेटोळं डोक्यावर घेऊन ती गळाभर पाण्यातून तिथे गेली.

गलबताचा नाखवा म्हणाला, "बाय, हा दोर की शेवया?"

"याने गलबत किनाऱ्याला बांध. तुटला तर मला बांध."

त्याच दुपारी वादळ उठलं. शेठच्या होड्या दोर तोडून वाहून गेल्या. आवडाबायचा दोर ताणून केसाएवढा झाला, पण तुटला नाही. ज्या माडाला तो बांधला होता, तो माडच उपटला. तेव्हा तिने दोर कमरेला गुंडाळला आणि हात पसरून, आपण उभे आहोत त्याच या खडकाला मिठी मारली. वादळ थकलं, ती थकली नाही. तिची बोटं खडकात रुतली, त्याच या दोन खाचा, बरोबर तिच्या एका वावावर, असं म्हणतात.

पुढच्या हंगामात खाडीत परदेशी शिडांची रांग लागली. शेठही आला. "आवडाबाय, मलाही दोर हवा."

"घ्या की शेठ, तुम्ही काय परके? पण वाव खडकावरचा."

आजही खारवण्याचा दोर आधी या खाचांना लावून मोजतात, मगच परदेशी धाडतात. कुणी नवा व्यापारी आपलंच माप पुढे करू लागला की बायका वाद घालत नाहीत. त्याला या खडकापाशी आणतात आणि समुद्राकडे बोट दाखवतात.