हॅटी गाय आणि गिरणीचं घड्याळ

फार पूर्वी, अमेरिकेत नदीकाठी भराभर गिरण्या उभ्या राहत होत्या, तेव्हा एका खोऱ्यात एक शेतकरी राहायचा. थोडं बटाट्याचं शेत, एक लाकडी गोठा आणि गोठ्यात एक तांबूस गाय, हॅटी. या गोष्टीत नाव तेवढं गाईलाच आहे. माणसांना का नाही, ते शेवटी कळेल.

खोऱ्यात कापडाची गिरणी सुरू झाली आणि मालकाने तिच्या मनोऱ्यावर हे एवढं मोठं घड्याळ बसवलं. पंचक्रोशीतलं पहिलंच! लोक रविवारी मुलाबाळांना घेऊन ते बघायला यायचे. सकाळ-संध्याकाळ त्याची घंटा वाजली की गिरणी चालू आणि गिरणी बंद. रेल्वेच्या मालधक्क्याचं फाटकही सकाळच्या त्याच घंटेवर मिटायचं, मग त्या दिवशी माल आत जायचा नाही. गिरणीत स्वतःचं घड्याळ नेण्याची मात्र सक्त मनाई होती. का, असं कोणी विचारलं नाही.

शेतकरी रोज संध्याकाळी हॅटीला घेऊन गिरणीच्या फाटकाशी उभा राहायचा. सहाची घंटा झाली की विणकर बाया दमून बाहेर यायच्या, आणि तो तिथल्या तिथे धार काढून त्यांच्या पेल्यात ओतायचा. धारोष्ण, फेसाळ दूध! हॅटीही शहाणी. सहा वाजले की एकदाच हंबरायची आणि पाठोपाठ घंटा व्हायची. जणू दोघींचं ठरलेलंच होतं.

पण पानगळ सुरू झाली आणि हॅटीचं काहीतरी बिनसलं. ती घंटेच्या आधीच हंबरायला लागली. आधी थोडी आधी, मग बरीच आधी. कास दगडासारखी घट्ट व्हायची, ती पाय आपटायची, दाव्याला हिसके द्यायची.

"थांब की! अजून घंटा कुठे झालीय?" शेतकरी ओरडायचा. एकदा तर त्याने तिला काठीही मारली. बिचारा काय करणार? घड्याळ शहरातल्या शहाण्या माणसांनी बनवलेलं, आणि गाय ती गाय. अंधारही लवकर पडतो असं त्याला वाटायचं, पण थंडीत दिवस लहान होतातच. शेवटी त्याने मनाशी ठरवलं की हॅटीचं डोकं फिरलंय, सोमवारी तिला बाजारात उभी करायची.

त्या शनिवारी दूध घ्यायला आलेल्या एका विणकर मुलीला त्याने हे सांगितलं. ती एकदम म्हणाली, "काका, विकू नका हो तिला! वेडी ती नाही!"

"मग कोण, मी?"

"ऐका तरी. माझा माग तिसऱ्या खिडकीपाशी आहे. हिचं हंबरणं मला आत ऐकू येतं. उन्हाळ्यात ही हंबरली की मी हात पुसायचे. मग हिच्या हंबरण्यानंतर घंटा होईपर्यंत वीतभर कापड व्हायला लागलं. मग हातभर. काल दोन हात झालं! मुकादम म्हणतो, पोरी, तुझा हात चपळ झाला. अहो, पाणचक्की तेवढ्याच वेगाने फिरते, माझा हात कुठून चपळ होणार? मला वाटलं मीच दमायला लागलेय, म्हणून गप्प बसले."

शेतकऱ्याने मनोऱ्याकडे बघितलं, मग हॅटीकडे. आता कुठे त्याला उमगलं. घड्याळ मागे ओढलं जात होतं! रोज थोडं थोडं, दिवस लहान होतात त्याच्या आड लपून! आणि त्याने मारलं कोणाला, तर खरं बोलणाऱ्या गाईला. तो तिच्या गळ्यात हात टाकून तिथेच रडला.

ही कुजबुज मालकाच्या कानावर गेली. रविवारी तो स्वतः घोडागाडी घेऊन गोठ्यावर आला.

"तुमची गाय फार गोंगाट करते म्हणे," तो गोड हसून म्हणाला. "असं करा, ती मला द्या. बदल्यात माझ्या गोठ्यातल्या पाच तरण्या गाई न्या."

पाच गाई! शेतकऱ्याला रात्री स्वप्नातसुद्धा दोनच्या वर गाई दिसल्या नव्हत्या. आणि हॅटीला तर तो कालपर्यंत विकायलाच निघाला होता. त्याची जीभ 'हो' म्हणायला वळलीच होती. तेवढ्यात हॅटीने त्याच्या बाहीला तोंड घासलं आणि त्याला तिच्या पाठीवरचा काठीचा वळ दिसला.

"साहेब," तो म्हणाला, "पाच गाई देऊन तुम्हाला हिचं दूध नकोय. हिचं तोंड बंद हवंय. ते मी एकदा काठीने करून बघितलं. पुन्हा नाही करणार."

मालक गेला तसा शेतकरी धापा टाकत शाळेत पोचला. दर रविवारी तिथे शेतकरी मंडळाची बैठक भरायची. त्याने सगळं सांगितलं, पण कोणी मनावर घेईना.

"गिरणीवाल्या बायांचं भांडण. त्यात आपण कशाला पडायचं?" एक जण म्हणाला.

तेव्हा मागच्या बाकावरची एक म्हातारी शेतकरीण उठली. "रेल्वेच्या धक्क्यावरून माझी बटाट्याची गाडी सकाळी चारदा परत आली. म्हणे, उशीर झाला, फाटक मिटलं. मी पोरांना फैलावर घेतलं. आता सांगा, ते फाटक कोणाच्या घंटेवर मिटतं?"

सगळ्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. म्हणजे सकाळी घड्याळ पुढे, संध्याकाळी मागे! ज्याच्या त्याच्या घरात गाय हंबरत होती, आणि जो तो आपल्याच गाईला दोष देत होता. मग काय, बैठकीत एकच गलका झाला.

सोमवारी संध्याकाळी डोंगरावरून गाई उतरल्या. एक नाही, दोन नाही, चाळीस! धार न काढलेल्या, तटतटलेल्या कासांच्या. फाटकासमोर त्या दाटीवाटीने उभ्या राहिल्या. घड्याळात सव्वापाच झाले होते. हॅटीने मान वर केली आणि हंबरली. तिच्यामागे चाळीसच्या चाळीस! खिडक्यांच्या काचा थरथरल्या.

आत तिसऱ्या खिडकीपाशी एक माग थांबला. मग शेजारचा. मग त्याच्या पलीकडचा. खडखडाट ओसरत ओसरत गिरणी चिडीचूप झाली, आणि तीनशे बाया कपड्यांवरचे कापसाचे तंतू झटकत बाहेर आल्या.

मालक सज्जात धावला. "अजून सव्वापाचच झालेत! कामावर चला! हे सगळं युनियनचं कारस्थान आहे!"

"साहेब," विणकर मुलगी खालून ओरडली, "गाईंनी अजून युनियनमध्ये नाव घातलेलं नाही!"

फाटकापासून डोंगरापर्यंत हशा पिकला. शेतकऱ्याने हाक दिली, "तुमच्या घड्याळाला किल्ली तुम्ही देता. या चाळीस जणींना कोण देतं, तेवढं सांगा!"

मालक तणतणत खाली उतरला. त्याने गिरणीला कुलूप ठोकलं. म्हणाला, उपाशी राहिल्या की येतील. पण उपाशी राहायला सोडतो कोण! शेतकरी रोज दूध नि बटाटे घेऊन विणकरांच्या दारात. आणि दहिवर गोठायला लागलं, बटाटे जमिनीतच नासणार अशी वेळ आली, तेव्हा तीनशे बाया कुदळी घेऊन शेतात. तीन आठवड्यांचं काम चार दिवसांत फत्ते! नवव्या दिवशी शहरातल्या व्यापाऱ्याने कापडासाठी माणूस पाठवला आणि मालकाने मुकाट्याने कुलूप काढलं.

कामाचा दिवस दहा तासांचा ठरला. घड्याळाच्या पेटीला दोन कुलपं लागली. एक किल्ली विणकरांकडे, दुसरी शेतकऱ्यांकडे, आणि दोघं आल्याशिवाय काट्याला हात लावायचा नाही. घंटेवर नाव कोणाचं कोरायचं यावर बरीच चर्चा झाली. शेतकऱ्याचं? विणकर मुलीचं? दोघांनीही मान हलवली. "आम्ही तर महिनाभर गप्पच होतो," मुलगी म्हणाली. म्हणून त्या घंटेवर एकच नाव आहे: हॅटी.

पहिल्या संध्याकाळी सहाला हॅटी हंबरली आणि पाठोपाठ घंटा वाजली. शेतकऱ्याने पेला भरून आधी तिच्यापुढे ठेवला. तिने तो पायाने लवंडला. रागच होता तिचा अजून, आणि तो खराच होता.

तात्पर्य: ठेच लागली की आपण आपल्या पायाला बोल लावतो. शेजाऱ्याला विचारून बघावं. त्यालाही तिथेच लागली असेल, तर दोघांनी मिळून दगड हलवावा.