आठवा वाटा आणि चौथा वाटा

फार जुन्या काळी, नाणी थोडी होती आणि राजाचा कर धान्यातच मोजला जायचा, तेव्हाची ही गोष्ट आहे. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनी जरा जास्त लक्ष देऊन ऐकावी.

एका नदीच्या दोन काठांवर दोन राज्यं होती. अलीकडचा राजा शेतकऱ्याच्या राशीतला आठवा वाटा घ्यायचा. पलीकडचा राजा चौथा वाटा घ्यायचा. म्हणजे पलीकडे बरोबर दुप्पट.

अलीकडच्या राजाला या गोष्टीचा फार अभिमान होता. तो वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. तो प्रजेला छळत नसे, रात्री शांत झोपत असे, आणि आपल्यासारखा हलका कर घेणारा राजा दुसरा नाही, असं मनापासून मानत असे. त्यामुळे कुणी गाऱ्हाणं घेऊन आलं की तो हसून म्हणायचा, "अरे, जरा पलीकडे जाऊन बघा. तिथले लोक चौथा वाटा देतात."

राजा म्हणतो तेच दरबार म्हणतो. हळूहळू प्रधान ते म्हणू लागला, अंमलदार म्हणू लागले, अंमलदाराच्या दारावरचा शिपाईसुद्धा म्हणू लागला. विहीर आटली, पलीकडे बघा. रस्ता खचला, पलीकडे बघा. एका वाक्यात सगळा कारभार चालू लागला आणि तो किती सोपा झाला आहे, याचं सगळ्यांना कौतुक वाटू लागलं.

नदीकाठी एक लहान गाव होतं. गावाच्या वर ओढ्याला एक जुना दगडी बंधारा होता. त्याच्या पाण्यावर गावाची सगळी शेती होती. त्या बंधाऱ्याला तडा गेला. गावकरी अंमलदाराकडे गेले आणि म्हणाले, "दगड आणि दोन पाथरवट द्या. हातानं काम आम्ही करतो."

अंमलदारानं विचारलं, "तुम्ही वाटा किती देता?"

"आठवा."

"आणि पलीकडे?"

गावकऱ्यांनी माना खाली घातल्या. ते परत आले. पुढल्या साली पुन्हा गेले आणि तसेच परत आले. त्याच्या पुढल्या साली आश्विनात हस्ताचा पाऊस असा कोसळला की ओढा ओळखू येईना. तडा रुंदावू लागला. गावातल्या एका विधवेचा एकुलता एक मुलगा बाभळीच्या फांद्या आणि धोंडे घेऊन तो तडा बुजवायला उतरला. दोघे-तिघे दोरी धरून काठावर उभे होते. बंधारा फुटला तेव्हा त्यांच्या हातात नुसती दोरी राहिली.

मुलाचे दिवस झाले. त्यानंतर गावकरी पारावर बसले. मग एक जण म्हणाला, "इतकी वर्सं सांगत्यात, पलीकडं बघा. एकदा बघूनच येऊ."

ते गेले आणि त्यांनी बघितलं. थंडी सरायच्या आत गावातली बहुतेक दारं बंद झाली होती. माणसं भांडी, गुरं, कोंबड्या घेऊन नदीपार गेली आणि दुप्पट कर देऊन तिथं राहू लागली. विधवा म्हातारीही गेली.

राजाला हे कळलं तेव्हा त्याला राग आला नाही, दुःख झालं. हलका कर सोडून माणसं जड कराकडे का गेली, हे त्याला काही केल्या उमगेना. आज एक गाव गेलं, उद्या दहा गेली, तर आपण राज्य कुणावर करायचं, ही काळजी त्याच्या जिवाला लागली. त्यानं प्रधानाला चौकशीला पाठवलं.

प्रधान पालखीतून गेला, पालखीतून आला आणि म्हणाला, "महाराज, तिथं खरोखरच चौथा वाटा घेतात. आणि लोक समाधानी दिसतात. मला वाटतं, फुकट मिळालेल्या गोष्टीची माणसाला किंमत नसते. आपला कर इतका हलका आहे की प्रजेला आपलं राज्यच हलकं वाटतं."

बुद्धी चालली की कुठल्या कुठे चालते बघा. राजाला हे पटलं. त्यानं दवंडी पिटवली, की येत्या पिकापासून आपल्याकडेही चौथा वाटा. आता प्रजा आपला मान ठेवील, अशी त्याची समजूत होती.

पीक निघालं, चौथा वाटा गेला आणि पावसाळ्याच्या आधी आणखी दोन गावं नदीपार गेली.

मग मात्र राजा स्वतः निघाला. प्रधान नको, पालखी नको, दोनच स्वार बरोबर घेऊन तो नदीकाठच्या त्या ओस गावात आला. आश्विन महिना होता. घरांच्या भिंतींवर गवत उगवलं होतं. गावात चिटपाखरू नव्हतं, पण वर फुटक्या बंधाऱ्यावर एक म्हातारी बसलेली दिसली. तिनं पानावर भात आणि वडे वाढून ठेवले होते आणि ती कावळ्याची वाट बघत होती.

राजा घोड्यावरून उतरला. त्यानं विचारलं, "आजी, कुणाचा घास ठेवलाय?"

"पोराचा," म्हातारी म्हणाली. "वरीस झालं. हितंच ग्येला, म्हनून हितंच ठिवते." तिनं त्याच्या अंगावरचा शेला पाहिला, स्वारांकडे पाहिलं, आणि ती ओळखून उठू लागली. राजानं तिला बसायची खूण केली आणि तोही दगडावर टेकला.

"तुम्ही सगळे का गेलात?" त्यानं विचारलं. "मी आठवाच वाटा घेत होतो. तिथं चौथा देता. मला खरं सांगा. मला कळत नाही."

"तुमीच सांगितलं व्हतं, महाराज. पलीकडं बघा म्हनून. आमी बघितलं."

"काय बघितलं?"

कावळा आला, घास घेऊन गेला. म्हातारीनं हात जोडले आणि पदर सारखा केला. मग म्हणाली, "सांगून समजायचं न्हाई. आज तिकडं बाजरीचं खळं हाय. आमच्या वाट्याचंबी आजच मापनार. येता का?"

राजा गेला. स्वारांना काठावर ठेवून तराफ्यावरून गेला, म्हातारीच्या शेजारी बसून. राजानं परक्या राज्यात असं जाऊ नये, हे त्याला ठाऊक होतं, पण न कळण्याचं दुःख त्याला त्याहून मोठं झालं होतं.

खळ्यावर राशी लागल्या होत्या. मधोमध तिवडा, म्हणजे मळणीचे बैल ज्याच्याभोवती फिरतात तो खांब, उभा होता. त्या तिवड्याला पाठ लावून तिथला अंमलदार उभा होता आणि भोवती सगळं गाव बसलं होतं. माप अजून कुणी हातात घेतलं नव्हतं. त्या राज्याची रीतच तशी होती. मागच्या साली नेलेल्या धान्याचं काय झालं ते आधी सांगायचं, आणि मगच या सालच्या राशीला हात लावायचा.

अंमलदार सांगत होता. घाटाच्या पायऱ्या झाल्या. नवी विहीर खोदली, पाणी लागलं. धाकट्या ओढ्यावर साकव घातला. मग तो जरा अडखळला आणि म्हणाला, "आणि काही पोती भिजून सडली. कोठाराचं छप्पर वेळेवर शाकारलं नाही. चूक माझी आहे."

खळ्यावर एकच गिल्ला झाला. एका शेतकऱ्यानं उठून अंमलदाराला चार गोष्टी सुनावल्या. दुसरा म्हणाला, "चौथा वाटा लई हुतो. सडवायला देतो का आमी?" अंमलदार मान खाली घालून ऐकत होता. सडलेली पोती आपल्या घरून भरून देईन, असं त्यानं कबूल केलं, तेव्हा कुठे आवाज निवले. मग माप उचललं गेलं. पहिल्यांदा तिथल्या राजाच्या स्वतःच्या शेताची रास मापली. त्याच मापानं तिचाही चौथा वाटा बाजूला काढला. त्यानंतर गावाच्या राशी मापायला घेतल्या.

अलीकडचा राजा चकित झाला होता. तो हळूच म्हणाला, "आजी, प्रधान तर म्हणाला लोक समाधानी आहेत. हे तर कुरकुर करताहेत."

"करत्यात की," म्हातारी म्हणाली. "द्यायचं म्हनलं की कुनालाबी जडच जातं. पर हे खळ्यावर कुरकुरत्यात, त्येच्या तोंडावर. आमी घरात कुरकुरायचो, चुलीम्होरं. चूल काय उत्तर देनार?"

मग ती त्याच्याकडे वळली.

"आता म्या इचारू का, महाराज? हिकडं आल्यापास्नं इचारायची सवं लागलीया."

"विचारा."

"आमचा आठवा वाटा तुमी न्हेत व्हता. त्येचं काय केलं?"

खळ्यावर माप भरण्याचा आवाज चालू होता. राजा थोर कुळातला होता, खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. त्यानं आठवून आठवून सांगितलं, "त्या तीन वर्षांत मी माझ्या वडिलांची छत्री बांधत होतो. त्यांच्या चितेच्या जागी. दगडी, कोरीव कामाची."

"चांगली झालीया का?"

"हो. कळस तेवढा राहिलाय."

म्हातारीनं मान हलवली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता आणि राजाला तेच सोसवेना. ती म्हणाली, "बापाचं करावंच मानसानं. माझ्या पोराचं नाव सिदू व्हतं. त्येला दगडच पाह्यजे व्हते, महाराज. कोरीव नगं. आसंच, साधं."

भर खळ्यावर, परक्या राज्यात, राजा खाली मान घालून बसला. "माझं चुकलं," एवढंच तो म्हणाला. मग तो उठला आणि परत गेला.

राजधानीत गेल्यावर त्यानं पाथरवटांना बोलावलं आणि छत्री उतरवायला सांगितली. दरबार हादरला. पुरोहित म्हणाले, हे पाप आहे. प्रधान म्हणाला, "महाराज, थोरल्या महाराजांच्या आत्म्याला काय वाटेल?"

राजा म्हणाला, "ते आयुष्यभर घोड्यावरून राज्य हिंडले. गावं ओस पडत असताना सुंदर छत्रीत बसून त्यांना काय सुख लागणार?"

छत्रीचे दगड गाड्यांवर चढले आणि नदीकाठच्या गावाकडे निघाले. बंधारा बांधायला हिवाळा आणि उन्हाळा गेला. कमळं कोरलेले दगड आडवे-उभे बसले आणि पहिल्याच पावसात शेवाळानं झाकले गेले. दरम्यान राजानं गावोगावच्या लोकांना बोलावून घेतलं. राज्याला काय काय लागतं आणि कशाला किती लागतं, हे त्यांच्यासमोर मांडलं. पुष्कळ भांडणं झाली. शेवटी आठवा नाही आणि चौथाही नाही, सहावा वाटा ठरला. राजाच्या शेतालाही तोच. सरदारांच्या शेतांनाही तोच, आणि यावर सर्वांत जास्त भांडण झालं.

गेलेली माणसं परत आली का? थोडी आली. बरीच आली नाहीत. एकदा उठलेलं घर पुन्हा बसायला वेळ लागतो. पलीकडे त्यांच्या मुलींची लग्नं झाली होती, नव्या परसात शेवग्याची झाडं लागली होती. त्यांना कुणी दोष देऊ नये.

म्हातारी मात्र आली. पुढल्या आश्विनात त्या गावात पुन्हा खळं लागलं. राशी मोजक्याच होत्या. राजा तिवड्याशी उभा राहिला आणि कुठे काय खर्चलं ते त्यानं सगळं सांगितलं. आधी त्याच्या शेताची रास मापली. मग म्हातारीच्या शेताची पाळी आली. मापारी पुढं झाला, पण तिनं माप स्वतःच्या हातात घेतलं. वाकून वाकून तिनं राजाचा सहावा वाटा भरला, दाणाही इकडचा तिकडे होऊ दिला नाही.

भरून झाल्यावर तिनं कमरेवर हात ठेवून श्वास घेतला आणि राजाकडे पाहिलं.

"महाराज," ती म्हणाली, "सिदू असताना आसं येऊन सांगितलं असतं, तर आमी चौथाबी दिला असता. हसत दिला असता."

राजा भर खळ्यावर हात जोडून तसाच उभा राहिला. पुढे तो पुष्कळ वर्षं जगला आणि पुष्कळ खळ्यांवर उभा राहिला. अवघड प्रश्न आला की अंमलदार त्याच्या तोंडाकडे बघत, पण "पलीकडे जाऊन बघा" हे शब्द त्याच्या राज्यात पुन्हा कुणी उच्चारले नाहीत.

तात्पर्य : दिल्याचा जाब ज्याला विचारता येतो त्याला चौथा वाटाही पेलतो, ज्याला विचारता येत नाही त्याला आठवाही जड होतो.