जोड्यांचा कौल

“एकूण एक भक्त म्हणतो, मंडप वाढवा!” देवळाच्या पायरीवर दिवाण त्रिंबकपंतांनी हातातला कागद गुंडाळला. “सरकार, आपलं कीर्तन ऐकायला बसायला जागा पुरत नाही.”

राजे रायाजीराव मोहरले. दर एकादशीला देवीच्या देवळात ते स्वतः कीर्तन करत. आवाज बेताचा, पण हौस दांडगी! मंडप वाढवावा का, याबद्दल त्यांनी भक्तांचा कौल मागवला होता आणि पंत तो घरोघर फिरून घेऊन आले होते. सोबत दोन तलवारवाले शिपाई होते, एवढंच.

“मग दारातला उंबर तोडा आणि कामाला लागा!” राजे म्हणाले.

त्या उंबराखाली ठकूबाई भक्तांचे जोडे राखायची. नवरा गेल्यापासून तिची चूल त्यावरच पेटत होती. गप्प बसेल ती ठकू कसली!

“सरकार, हा तोंडाचा कौल झाला. पायांचा घेतला का?”

“जीभ आवर!” पंत कडाडले.

राजांना मात्र गंमत वाटली. “तूच घे. पण कुणाला काही विचारायचं नाही, कुणी तोंड उघडायचं नाही. जमलं तर उंबर राहील. नाही तर उंबरही जाईल आणि तूही!”

“कबूल! उद्या एकादशीच आहे. पूर्वरंग संपला, बुक्का लावून झाला, की जरा बाहेर या. मी आपल्याला जोडे दाखवते.”

“सरकारांना जोडे दाखवतेस?” पंत लालबुंद झाले.

“नुसते दाखवतेच म्हटलं हो, पंत!”

दुसऱ्या दिवशी पूर्वरंग संपला. गळ्यात हार, कपाळावर बुक्का अशा थाटात राजे उंबराखाली आले. मागोमाग पंत.

जोड्यांच्या रांगाच रांगा! सगळे नीट मांडलेले, आणि झाडून सगळ्यांची टोकं रस्त्याकडे.

“वा! काय शिस्त!” राजे म्हणाले.

“शनिवारी नारोबुवांच्या कीर्तनाला या, सरकार. नुसता ढीग असतो, एकाचा डावा दुसऱ्याच्या उजव्यावर! आत जागा धरायची घाई असते ना. आपल्या दिवशी मात्र लोक येतानाच जोडे फिरवून ठेवतात.”

“का बरं?”

उत्तर द्यायची वेळच आली नाही. मंडपातून तिघे जण वाकून बाहेर आले, जोड्यांत पाय सारले आणि मागे न बघता सुटले. समोर राजे उभे आहेत, हेही त्यांना दिसलं नाही.

राजांचा चेहरा उतरला. “पंत, तुम्ही तरी... तुमचे जोडे कुठे आहेत?”

“ते माझ्याकडे कधीच नसतात,” ठकू म्हणाली. “त्यांच्या उपरण्याखाली बघा.”

पंत दचकले. काखेतले जोडे धपकन खाली पडले!

राजांची नजर फिरत फिरत कोपऱ्यात थांबली. “हा बघ! हा एक जोड देवीकडे तोंड करून आहे. या भक्ताला तरी पळायची घाई नाही!”

“नाही ना, सरकार,” ठकू हात जोडून म्हणाली. “तो आपलाच आहे!”

राजे असे खदखदून हसले की रस्त्याला लागलेली माणसंही परत फिरली. राजांचा आवाज ऐकून कुणी परत येण्याची ती पहिलीच वेळ होती! उंबर जागच्या जागी राहिला, ठकूला त्याखाली दगडी पार बांधून मिळाला, आणि त्या दिवशीचा उत्तररंग नारोबुवांनी केला.