बाजेवरची सारजाबाई

ही गोष्ट खरं तर महिला मंडळाच्या बायांनी सांगायची, पण त्यांनी ती माझ्या गळ्यात घातली. म्हणे, आबा, तुम्हीच लिहा. दुसरी शिकलेल्या माणसाला लिहायला बसवतात, आणि वर चहा बिनसाखरेचा. बरं, लिहितो. मध्येच कुणी 'खरंच का हो' म्हणून विचारायचं नाही.

फार वर्षं झाली. गावात चर्च नव्हतं, नदीला पूल नव्हता. त्या काळी सारजाबाई नावाच्या बाईच्या हाडांत ताप शिरला, तो निघेचना. वैद्य झाले, काढे झाले, अंगारे झाले. कपाळावर ओलं फडकं ठेवलं की बघता बघता वाळायचं, असं म्हणतात. मग घरचे भ्याले. हा ताप आपल्यालाही लागेल म्हणून त्यांनी तिची बाज गोठ्यात नेऊन टाकली. तांब्या वेगळा, ताटली वेगळी.

एक दिवस त्या वाटेनं एस्तेरबाई आली. ती बायबल बाई, गावोगाव पायी फिरून बायांना येशूची गोष्ट सांगायची. गोठ्यात डोकावून म्हणाली, "बाई, घोटभर पाणी द्या."

"माझ्या तांब्याचं कुणी पीत नाही."

"तहान मला लागलीय. तांब्या कुणाचा ते मागनं बघू."

आणि सगळा तांब्या रिकामा केला. मग ती येत राहिली. वाचायची, गायची, सारजाबाईचे केस विंचरायची. सारजाबाईनं एकदा तोंडावर विचारलं, "तुझा येशू मला बरं करील का?"

"ते मला ठाऊक नाही. तुला टाकून जाणार नाही, एवढं ठाऊक आहे."

असं सरळ उत्तर देणारी माणसं आता मिळत नाहीत.

एका संध्याकाळी गोठ्यातल्या गायी रवंथ करायच्या थांबल्या. बाजेच्या पायथ्याशी कुणी तरी बसलं होतं. केसांत गवताच्या काड्या, हातांवर खिळ्यांचे वण. सारजाबाई म्हणाली, "प्रभू, हा ताप घे."

तो म्हणाला, "राहू दे तुझ्यापाशी. मला लागणार आहे."

तो गेला, पण त्याच्याबरोबर आलेला उजेड गायींच्या डोळ्यांत कितीतरी वेळ राहिला, असं म्हणतात.

सारजाबाईनं बाप्तिस्मा घेतला. ताप होता तसाच. ती चिडून म्हणायची, "लागणार म्हणाला, पण कशाला ते सांगायला काय झालं होतं?" तरी बाया तिच्याकडं यायला लागल्या. ज्यांना घरात कुणी विचारत नव्हतं, त्या आधी आल्या. बाजेभोवती बसून प्रार्थना करायच्या, सासूला शिव्या घालायच्या, परत प्रार्थना करायच्या. आमचं महिला मंडळ जन्मलं ते असं, गोठ्यात.

मग एका पौषात अशी थंडी पडली की झाडावरची पाखरं पटापट खाली पडली. नदीपलीकडच्या वस्तीवर हौसा नावाची बाई दिवस भरायच्या आतच बाळंत झाली. मूल निळं, आई गार. शेकोटी पेटवली, शेगडी ठेवली, पण अंगात ऊब शिरेना. निरोप आला तशी सारजाबाई ताडकन उठून बसली.

"कळलं कशाला ते! उचला मला."

पुरुष मागं सरले. जित्या माणसाची बाज खांद्यावर घेणं अशुभ. बायकांनी तर मेलेल्यालाही खांदा द्यायचा नाही, अशी रीत. तेव्हा एस्तेरबाईनं पदर खोचला. तिच्यासोबत आणखी तिघी पुढं झाल्या, आणि बाज निघाली. वाटेवरच्यांना वाटलं, सारजा गेली. ते टोप्या काढून उभे राहिले.

सारजाबाई बाजेवरून ओरडली, "घाला रे टोप्या, पडसं होईल! मी कामाला निघालेय."

नदीत पाणी चौघींच्या छातीला लागलं. थंडीनं पाय उचलेनात. सारजाबाईनं बाजेवरून हात सोडून पाण्याला लावला, तशी नदीवर वाफ चढली. पाणी कोमट झालं, आणि मासे त्यांच्या पावलांशी खेळत पैलतीरापर्यंत गेले, असं म्हणतात.

ती हौसाला बिलगून निजली. मूल दोघींच्या मध्ये. "घे गं बाई, माझ्याकडं पुष्कळ आहे," असं दिवसभर पुटपुटत राहिली. दिवेलागणीला मूल रडलं. हौसाच्या तळव्यांना घाम सुटला.

त्यानंतर ती बाज थांबलीच नाही. ज्या घरात बाई आजारी, तिथं सारजाबाई. जाईल तिथं थोडा थोडा ताप ठेवून यायची आणि हलकी व्हायची. पुढं पुढं तर चौघी ती बाज बोटांवर न्यायच्या. शेवटच्या खेपेहून आल्यावर त्यांनी बाज टेकवली, गोधडी उचलली. खाली कुणी नव्हतं. गोधडी मात्र गरम होती.

ती बाज आता चर्चमध्ये वेदीच्या डाव्या अंगाला असते. गावातली कुठलीही बाई, मग ती कुठल्याही देवाला हात जोडणारी असो, अंथरुणाला खिळली की मंडळाच्या चौघी बाज खांद्यावर घेऊन तिच्या दारात जातात. त्या दिवशीची प्रार्थना तिथंच होते. आणि बाज जाताना आमच्या गावचे पुरुष टोपी काढत नाहीत, घालतात.

गेल्या वर्षी एक जण चारचौघांत मला म्हणाला, "आबा, थापा मारू नका. रिकामी बाज ती, बोटावर न्यायला काय लागतं?" आणि एकटाच उचलायला गेला. मान लाल झाली, धोतर सुटायला आलं, बाज जागची हलली नाही. तेवढ्यात मंडळाच्या बाया आल्या, त्याला म्हणाल्या, "सरका भाऊ, उशीर होतोय," आणि बोलत बोलत बाज घेऊन गेल्या. सगळ्या गावानं पाहिलं. मला थापाड्या म्हणाला त्याची माफी त्यानं अजून मागितलेली नाही. नाव मात्र बायबलातल्या पैलवानाचं, शमशोन खरात.